पन्नासावी बाटली आणि अश्वगंधेचं तेज

जानेवारीच्या शिबिरात रक्तपेढीच्या मुलीने माझ्या बोटाला सुई टोचली, यंत्रात बघितलं आणि मला खुर्चीवरून उठवलं. म्हणाली, "काका, हिमोग्लोबिन बारा पॉइंट एक आहे. साडेबारा लागतं. पालेभाज्या खा आणि नंतर या. आणि आधारवर तुमची पासष्ट पूर्ण झालेली दिसतात. पासष्टनंतर आम्ही घेत नाही." एका दमात तिने माझं रक्तही काढलं आणि वयही काढलं. रांगेत माझ्या मागे बावीस माणसं उभी होती. त्यातली निम्मी मीच सकाळी घरोघर जाऊन, "अरे, घाबरता काय, माझ्याकडे बघा," असं सांगत आणलेली. ती सगळी आता माझ्याकडे बघत होती.

तुम्ही म्हणाल, एक रक्तदान हुकलं तर काय आभाळ कोसळलं? पण ते पन्नासावं होतं. छत्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. त्या काळात माझ्या टेबलावरून कुणाचं भलं झालं असं म्हणणारा माणूस अजून भेटलेला नाही. वाईट झालं म्हणणारे आमच्या पिंप्राळ्यातच चारपाच राहतात. आयुष्यात धड केलेली गोष्ट म्हणजे हे रक्तदान, तेही एकोणपन्नास वेळा, आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र जपून ठेवलेलं. जानेवारीत पन्नासावं झालं की चौदा एप्रिलच्या जयंतीच्या शिबिरात सत्कार करायचा, हे विहार समितीने ठरवून टाकलं होतं. समितीचा सचिव जीवन याने तर फलकाचा मजकूरही मला वाचून दाखवला होता: 'रक्तदानाचे अर्धशतकवीर पितांबर नाना यांचा भव्य सत्कार'. मी त्याला फक्त 'भव्य' शब्द जरा मोठा घ्यायला सांगितलं.

वयाचं प्रकरण असं होतं, की माझी खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. भडगावच्या शाळेतल्या गुरुजींनी आमच्या सबंध वर्गाला एक जूनला जन्माला घातलं. आधार काढणाऱ्याने एक जानेवारी टाकली, कारण त्याला तेवढंच टाइप करायला सोपं होतं. म्हणजे शाळेच्या मते मी चौसष्टचा आणि सरकारच्या मते पासष्ट पूर्ण. पुढचं शिबिर एप्रिलमध्ये. शाळा खरी ठरली तर माझ्या हातात एकच संधी होती, आणि सरकार खरं ठरलं तर तीही नव्हती.

आधार केंद्रावरचा माणूस म्हणाला, शाळा सोडल्याचा दाखला आणा. भडगावची शाळा म्हणाली, त्या वर्षाचं रजिस्टर पंचायत समितीत आहे. पंचायत समिती म्हणाली, ते शाळेतच असायला पाहिजे. मी छत्तीस वर्षं लोकांना नेमकं हेच सांगत आलो होतो, त्यामुळे मला राग आवरावा लागला. चौथ्या खेपेला रजिस्टर शाळेच्याच कपाटावर, क्रिकेटच्या स्टंपांखाली सापडलं. दाखला मिळाला, पण गिरणाकाठच्या त्या हेलपाट्यांनी माझी पार दमछाक झाली. घरी येऊन ओट्यावर बसलो तर उठवेना.

तेवढ्यात लीलाधर भाऊ आले. लीलाधर भाऊ आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीस वर्षं लोकांना 'पुढे सरका' म्हणण्यात गेली, आणि ती सवय अजून सुटलेली नाही. हल्ली ते लोकांना आरोग्याच्या दिशेने सरकवतात.

"नाना," ते म्हणाले, "रगत वाढाडनं शे ना तुम्हले? मंग अश्वगंधा ल्या. घोडानी ताकद शे तिनामा."

"तुम्ही घेतली आहे का?"

"माले कसाले लागस? मी धडधाकट शे."

हा मुद्दा मला त्या वेळी बिनतोड वाटला.

बाजारात असलम भाईंचं जडीबुटीचं दुकान आहे. त्यांचे वडीलही तिथेच बसायचे. मी दोन किलो अश्वगंधा मागितली तेव्हा त्यांनी तराजूला हातच लावला नाही.

"दोन किलो? नाना, घोडा पाळला काय?" त्यांनी विचारलं. "मूळ चांगलं आहे, माझ्याकडे आहे पण. लेकिन अर्धा चमचा घ्यायचं, तेही थोडे दिवस. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना? मग आधी डॉक्टरला विचारा. आणि खरं सांगू का, रक्त वाढवायचं हे कामच नाही या मुळाचं. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील त्या घ्या, खजूर खा, पालक खा."

आता मला सांगा, स्वतःचा माल कमी घ्या म्हणणाऱ्या दुकानदाराबद्दल माणसाने काय समजावं? मी समजलो, माल खराब असणार. पाव किलो खजूर घेऊन मी निघालो, तोही भिडेखातर.

लीलाधर भाऊंचे साडू हिलाल आप्पा धुळ्याला राहतात आणि घरच्या घरी भुकटी विकतात, असं कळलं. मी धुळे गाठलं. आप्पांनी पत्र्याच्या डब्यातून भुकटी काढून दिली. पिशवीवर नाव नाही, तारीख नाही, कंपनी नाही. मी विचारलं, "यात फक्त अश्वगंधाच ना?" आप्पा म्हणाले, "अश्वगंधा ते शेच. आखो बी शे." आणखी काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लेबल नाही म्हणजे माल शुद्ध, अशी माझी तेव्हा खात्री होती.

आमची मुलगी प्रज्ञा धुळ्यालाच परिचारिका आहे. तिच्या घरी जेवायला गेलो. तिने पिशवी उघडून वास घेतला आणि ताट वाढायचं थांबली.

"बाबा, हे डोळे झाकून घेऊ नका. काहींच्या लिव्हरला यानं त्रास झालाय. क्वचित होतो, पण होतो. थायरॉइडवर, बीपीवर, साखरेवरही परिणाम होऊ शकतो. आणि यात काय काय मिसळलंय ते कुणाला माहीत आहे?"

"अगं, हे औषध थोडंच आहे? मूळ आहे. साइड इफेक्ट औषधाला असतो."

"धोतऱ्यालाही मूळच असतं, बाबा."

मुलींना शिकवावं, पण थोडं शिल्लक ठेवून शिकवावं, असं मला त्या दिवशी वाटून गेलं. हे वाक्य मी तिच्यासमोर म्हणालो नाही, कारण जेवण व्हायचं होतं. निघताना तिने लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकली आणि आईला फोन करून काहीतरी सांगितलं.

इथे आमच्या घरातला एक जुना नियम सांगायला हवा. गोळी, इंजेक्शन आणि सलाइन ही औषधं. जे चमच्याने घेतात, दुधातून घेतात आणि कुणा ओळखीच्याने हमी देऊन आणलेलं असतं ते 'आपलं घरचं'. म्हणून डॉक्टरने "दुसरं काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की आम्ही छातीठोकपणे नाही म्हणतो. माझी आई नाही म्हणायची, वडीलही म्हणायचे, गल्लीतले सगळे म्हणतात, आणि खोटं बोललो असं कुणाच्याच मनात येत नाही.

तर फेब्रुवारीत मी सुरुवात केली. असलम भाई अर्धा चमचा म्हणाले होते, म्हणून मी एक घेतला. लीलाधर भाऊ म्हणाले एकाने काय होतंय, म्हणून दोन केले. शिबिर जवळ येऊ लागलं तसे चार झाले. पहिला गुण आला तो झोपेचा. मी कुठेही झोपू लागलो. अमळनेरला मावसभावाच्या दशक्रियेला निघालो आणि बसमध्ये डोळा लागला तो थेट धुळ्याच्या स्थानकात उघडला. मावसभावाच्या घरच्यांनी अजून अबोला सोडलेला नाही. दुसरा गुण पोटाचा. त्याबद्दल इतकंच सांगतो, की आधार केंद्राच्या रांगेत माझा नंबर तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी जागेवर नव्हतो.

मार्चच्या अखेरीस अंगाला खाज सुटली. साधी नव्हे, दाराच्या चौकटीला पाठ घासत उभं राहण्याइतकी. समोरच्या ताईबाईंनी बघितलं आणि तिथूनच निदान केलं. "नाना, आंगनी उष्णता बाहेर निंघी ऱ्हायनी. कडूनिंबना पाला लावा." लीलाधर भाऊंनी सुधारणा केली, की ती उष्णता नसून छत्तीस वर्षांच्या सरकारी चहाचं विष आहे. मी दोघांचंही ऐकलं. पाला लावला आणि भुकटी चालू ठेवली.

मग एक दिवस दाढी करताना मला माझा चेहरा वेगळा दिसला. पिवळसर झाला होता, केळं पिकायला लागतं तसा. मी बाहेर आलो तर लीलाधर भाऊ बघतच राहिले.

"नाना! काय तेज उनं हो तोंडवर!"

माझं मन स्तुतीला किती हपापलेलं आहे पाहा. मी ते खरं धरलं. त्यांनी माझा फोटो काढला, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'वय ६४, कांती सोन्यावानी'. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं वाटी घेऊन दारात उभी. सगळी चौदा तारखेला रक्त देणारी. मी सढळ हाताने वाटलं. अर्धशतकवीराला अनुयायी लागतात, एवढा एकच विचार डोक्यात होता. देताना वर प्रत्येकाला सांगत होतो, "चार चमचे. घाबरायचं नाही. माझ्याकडे बघा."

रुक्माबाई, म्हणजे माझी बायको, हे सगळं दारात उभी राहून बघत होती. ती फारसं बोलत नाही. पण दोन महिने ती मला दोन्ही वेळेला पालक, मेथी, बाजरीची भाकरी आणि प्रज्ञाची लोहाची गोळी देत होती, आणि मी ते वरकड समजून गिळत होतो. त्या आठवड्यात ती दोनदा म्हणाली, "तुमचे डोळे पिवळे दिसतात. दवाखान्यात चला." मी म्हणालो, चौदा तारखेनंतर. नऊ एप्रिलला आधार दुरुस्त झालं होतं, आणि इतकं करून आता दवाखान्यात जाऊन कुणी 'रक्त देऊ नका' म्हणालं असतं तर? त्या भीतीने मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला तोवर संशय आलेला होता. सत्कार आधी व्हावा आणि कावीळ नंतर कळावी, एवढीच माझी इच्छा होती.

चौदा तारखेला मी काळा चष्मा लावून शिबिरात गेलो. जीवनने विचारलं तर म्हणालो, उन्हाचा त्रास होतो. मंडपात पंखे फिरत होते, फलक झळकत होता आणि 'भव्य' खरोखरच मोठं छापलं होतं. बोट टोचलं. बारा पॉइंट आठ! मी मागे वळून गल्लीकडे बघितलं. लीलाधर भाऊंनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं, "दखा! अश्वगंधानी कमाल!" आधार बघितलं, चौसष्ट. फॉर्मवर बीपीची गोळी लिहिली. रक्तपेढीच्या मुलीने विचारलं, "आणखी काही औषध, काढा, चूर्ण?"

तिने 'चूर्ण' असं स्पष्ट विचारलं होतं. घरचा नियम इथे चालणार नव्हता, हे मला पुरतं समजलं.

"नाही," मी म्हणालो.

"चष्मा जरा काढता का, काका?"

"डोळे आलेत," मी म्हणालो. तेवढ्यात जीवन मध्ये आला. "अगं, नाना आहेत ते! पाहुणे यायची वेळ झाली!" तिने मान हलवून सही केली. मी खाटेवर आडवा झालो, दंडाला पट्टा बांधला गेला, मुठीत चेंडू दिला गेला. माझ्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या खाटांवर माझेच वाटीवाले झोपले होते.

रुक्माबाई तिकडे रक्तदात्यांना सरबत देत होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि सरळ रक्तपेढीच्या डॉक्टर सबा यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरबाई, यांना चष्मा काढायला लावा. दोन महिने झाले चार चार चमचे भुकटी खाऊन राहिले. अंग खाजवता खाजवता झोपत नाहीत. आणि आठ दिवसांपासून लघवी कोऱ्या चहासारखी होऊन राहिली."

मंडपात माईक चालू होता. कुठल्या अंतरावरून काय ऐकू जातं, याचा अंदाज माणसाला अशा वेळी येतो. मागे कुणीतरी 'कोरा चहा' असं पुन्हा म्हणून खात्री करून घेतली.

डॉक्टर सबांनी चष्मा काढला, पापणी खाली ओढली आणि माझ्या दंडाचा पट्टा सोडला. "काका, ही कावीळ आहे. काय घेत होता?"

"औषध नाही," मी म्हणालो. "आपलं घरचं."

रुक्माबाईने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत ती माझ्यावर चारचौघांत ओरडली नव्हती, आणि तेव्हाही ओरडली नाही. हळूच म्हणाली, "ते रक्त कोणाच्या अंगात घालणार होते तुम्ही? कोणाचं तरी लेकरू असतं ते." मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज अंगभर सुटलेल्या खाजेपेक्षा वाईट होती.

डॉक्टरांनी माईक हातात घेऊन विचारलं, "हीच भुकटी आणखी कुणी घेतली आहे?" आधी उजवीकडच्या खाटेवरचा उठला. मग डावीकडचा. मग रांगेतले. एकूण अकरा. सगळ्यांची तपासणी होईपर्यंत रक्त घेता येणार नाही, असं सांगून त्यांनी अकराही जणांना बाजूला बसवलं. त्यांच्या जागी बोलावायला मंडपात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आयुष्यभर मी एकोणपन्नास बाटल्या दिल्या आणि एका सकाळीत बारा बुडवल्या, त्यातली एक माझी.

डॉक्टर सबांनी चिठ्ठी लिहिली, "आत्ता सिव्हिलला जा." मी निघालोही होतो. पण प्रमुख पाहुणे त्याच वेळी गाडीतून उतरले, त्यांना पुढे अजून सहा शिबिरं करायची होती, आणि जीवनने माझा हात धरला. "नाना, फक्त पाच मिनिटं. शाल आणलेली आहे." मी काही म्हणायच्या आत मी व्यासपीठावर होतो. पाहुण्यांनी शाल घातली आणि कागद वाचला, "पन्नास वेळा रक्तदान करून ज्यांनी समाजापुढे आदर्श..."

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. फलकावर पन्नास होतं, कागदावर पन्नास होतं, फोटोतही पन्नासच आलं असतं. मी माईक घेतला.

"एकोणपन्नास," मी म्हणालो. "पन्नासावं झालं नाही आणि आता होणार नाही. मी न विचारता कसलीतरी भुकटी खाल्ली, मला कावीळ झाली, आणि ती लपवून मी खाटेवर झोपलो होतो. तुमच्यातल्या अकरा जणांना ती मीच खायला घातली. ही शाल मला नको."

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माईक परत घेतला आणि म्हणाले, "पाहा, किती हा विनय! पन्नास वेळा रक्त देऊन म्हणतात एकोणपन्नास! अशी माणसं आज राहिली नाहीत. आणि या वयात चेहऱ्यावर हे तेज!" शाल त्यांनी पुन्हा माझ्या खांद्यावर घातली.

सिव्हिलमध्ये एकच्या आसपास हवं ते बिलिरुबिन सात निघालं. विषाणूंच्या काविळींच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, म्हणजे दोष भुकटीचाच. डॉक्टरांनी भुकटी मागवून घेतली, मला भरपूर बोलले आणि अकरा जणांचे रिपोर्ट ठीक आल्याचं सांगितलं. त्यांनी आठच दिवस खाल्ली होती. मला ठीक व्हायला आठ आठवडे लागले. त्या आठवड्यांत एक जून येऊन गेला, म्हणजे शाळेच्या हिशेबानेही पासष्ट पूर्ण. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. रुक्माबाईने पुरणपोळी केली होती, पण तेल-तूप बंद असल्याने मला साधी पोळी मिळाली.

खाज थांबली, डोळे पांढरे झाले, तेज गेलं. मग एके सकाळी मागच्या गल्लीतले नवल आबा फाटकाशी येऊन उभे राहिले. सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि न विचारताच सगळं सांगितलं. लिव्हर, बिलिरुबिन सात, रात्रभरची खाज, खाटेवरून उठणं, सगळ्या गल्लीसमोर झालेली शोभा, काहीच राखून ठेवलं नाही. म्हणालो, आबा, कुठलंही मूळ असो, आधी डॉक्टरला दाखवा, आणि बिनलेबलाचं तर हातातही घेऊ नका. आबांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. दोनदा 'अरे अरे' म्हणाले. मग खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"ते तुम्हले मानवनं नही, नाना. व्हस एखादाले तसं. बरं, हिलाल आप्पाना धुळाना पत्ता द्या मंग."